न मोजलेलं मूल

“तू अनुला घेऊन आत बस. कोणी हाक मारली तरी बाहेर यायचं नाही!” मनोरमाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, आणि वैजयंता नेहमीसारखी मान खाली घालून आतल्या खोलीत गेली होती. भजनी मंडळाच्या बायका येणार आहेत, अनु मध्येच ओरडते, बायका दचकतात, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं. मीरा रोडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पाहुणे आले की आठ वर्षांची अनुष्का आणि तिची आई दाराआड, हे ठरूनच गेलं होतं.

तिनं अनुला मांडीवर टेकवून पेज भरवायला घेतली. अनुची मान एका बाजूला कलायची, नजर छताकडे घसरायची, तोंडात आलेला घास गिळायचा असतो हे ती मध्येच विसरून जायची... मग वैजयंता तिच्या गळ्यावरून हलकेच बोट फिरवायची, तेव्हा कुठे घास उतरायचा. अनुच्या मुठीत स्टीलचं एक झाकण होतं. तिचा बाप जवळच्या हाटकेश भागातल्या एका गाळ्यात स्टीलच्या डब्यांच्या पॅकिंगवर सुपरवायझर होता. डाग पडलेलं झाकण त्यानं एकदा घरी आणलं आणि त्याच्या आवाजाला पोरगी हसली, तेव्हापासून ते झाकण तिच्या मुठीतून सुटत नव्हतं.

बाहेर बांगड्या वाजत होत्या, हसणं चाललं होतं. भजन काही ऐकू येत नव्हतं. मग एक बाई मोठ्यानं म्हणाली,

“चला, वाट्या आणा त्या झाकलेल्या! तेजू, नीट विचार करून उचल हं. पेढा की बर्फी?”

“बर्फी निघाली तर विहीणबाईंचं तोंड बघा!”

“माझं काही नाही हो, मला दोन्ही गोडच. शुगर असून खाईन!”

सगळ्या हसल्या. आणि त्या हसण्यावरून मनोरमाबाईंचा आवाज आला, “काय असेल ते असो बाई. माझं हे पहिलंच नातवंड. धडधाकट येऊ दे म्हणजे झालं!”

पहिलंच नातवंड! वैजयंतानं मांडीवरच्या अनुकडे पाहिलं. तो घाव जुना होता, त्याला आता रक्त येत नव्हतं. पण दुसऱ्या क्षणी तिनं भरवायचा चमचा वाटीत ठेवला... पेढा की बर्फी हे डोहाळजेवणात विचारतात. सातव्या महिन्यात विचारतात. तिच्या नणंदेला, तेजश्रीला सातवा महिना लागला होता, आणि तिला, या घरच्या सुनेला, त्याचा पत्ताही नव्हता!

“अगं देवा...” तिच्या तोंडून एवढंच निघालं.

तेजश्रीला दिवस जातील त्या दिवसाची वैजयंता चार वर्षं वाट बघत होती. तिच्या ओठांवर एक सत्य होतं, आणि ते त्याच दिवशी बोलायचं असं तिनं ठरवलं होतं.

चार वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका संशोधन केंद्रातून रुचिता मॅडम त्यांच्या घरी आल्या होत्या. ज्या मुलांची वाढ का अडली हे कोणालाच सांगता येत नाही, अशा मुलांच्या घरातलं रक्त तपासून कारण शोधायचं काम तिथे चालायचं. मॅडमनी अनुचं, तिच्या आईचं आणि बापाचं रक्त नेलं. कागदावर घराण्याची आकृती काढायला घेतली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. “आजी, तुम्हाला मुलं किती झाली?” असं त्यांनी विचारलं तेव्हा मनोरमाबाई म्हणाल्या होत्या, “दोन. यतीन आणि तेजश्री. आमच्या घराण्यात असलं काही नाही. तिच्या माहेरी विचारा.”

पुढे निकाल सांगायला मॅडमनी नवरा-बायकोला केंद्रात बोलावलं. दोष यतीनकडून आला होता. त्याला स्वतःला काही झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. ते कसं, हे यतीनच्या डोक्यात शिरेना. मग मॅडमनी त्याला त्याचं काम विचारलं आणि त्याच्याच कामातून समजावलं. समजा, दोन खोके भरताना एका खोक्यातला डबा चुकून दुसऱ्यात गेला आणि दुसऱ्यातला पहिल्यात आला. दोन्ही खोके गोदामात असेपर्यंत माल पुरा आहे, कोणाला कळतही नाही. पण त्यातला एकच खोका पुढे गेला की एक डबा कमी भरतो आणि एक जास्त. यतीनकडे दोन्ही खोके होते. अनुकडे एकच गेला.

“हे तुमच्याकडे आईवडिलांकडून आलेलं असू शकतं,” मॅडम म्हणाल्या होत्या. “तसं असेल तर तुमच्या बहिणीकडेही असेल किंवा नसेल. तिचं रक्त नक्की तपासा. तिच्यात असलं तरी प्रत्येक मूल असं होतंच असं नाही. पण दिवस गेल्या गेल्या कळलं पाहिजे, म्हणजे पोटातल्या बाळाची वेळेवर तपासणी होते. मग काय करायचं ते तिला ठरवता येतं.”

आणि नेमका त्याच आठवड्यात तेजश्रीचा साखरपुडा होता!

“वैजू, हे बाहेर गेलं तर लग्न मोडेल गं,” बसस्टॉपवर उभा राहून यतीन लहान मुलासारखा रडला होता. “लोकेशच्या घरचे एवढं कळल्यावर उभे राहतील का? वडील गेल्यापासून तिला मी वाढवलंय. तिचं लग्न होऊ दे. मग सांगू.”

वैजयंताला तेजश्रीचा चेहरा आठवला. अनुला पहिली फिट आली तेव्हा नोकरीची मुलाखत सोडून तिला कडेवर घेऊन धावली होती ती तेजश्री. “वहिनी, तू झोप, आज अनु माझी” म्हणणारी तेजश्री! त्या मुलीचा संसार उभा राहण्याआधीच मोडायचा? घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “काय निघालं?” आणि यतीन काही बोलायच्या आधी वैजयंता म्हणाली,

“माझ्याकडून आलंय, आई.”

मनोरमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता. तेव्हापासून “तुझ्या रक्तातलं विष,” “तुझ्या माहेरच्यांनी फसवलं,” हे शब्द रोज पोळीभाजीसारखे ताटात पडत गेले, आणि वैजयंता ते गिळत गेली. यतीनकडून तिनं एकच वचन घेतलं होतं. तेजूला दिवस गेले की त्याच दिवशी तिला खरं सांगायचं.

पण तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस गेल्याचं कोणाला सांगायचं नाही, ही त्या घरची रीत. आणि जिच्या पोटी असं मूल आलं तिची नजर तर बाळंतपण होईपर्यंत पडू द्यायची नाही, ही रीत मनोरमाबाईंनी स्वतःची घातली. मुलाला सांगितलं की सुनेला कळणार, म्हणून त्यांनी यतीनलाही सांगितलं नाही. गुडघ्यांच्या उपचाराला जाते म्हणून त्या लेकीकडे अंबरनाथला जाऊन राहत. आज तेजश्रीच्या सासूनं हट्ट धरला नसता, माहेरचं डोहाळजेवण माहेरीच झालं पाहिजे म्हणून, तर आजही वैजयंताला कळलं नसतं... जिला सगळं ठाऊक होतं, नेमकं तिच्यापासूनच त्या घरानं लपवलं होतं!

ती उठली आणि तिनं दार उघडलं.

फुलांचे दागिने घातलेली तेजश्री पाटावर बसली होती. तिच्या हिरव्या साडीवरून वैजयंताची नजर पोटापाशी गेली आणि तिथेच खिळली. हसणं थांबलं. मनोरमाबाई विधवा म्हणून ओटीला हात लावत नव्हत्या. शेजारच्या आशाभाभीच्या हातात तांदळाचं ताट होतं. मनोरमाबाई ताडकन उठून मध्ये आल्या.

“बाहेर का आलीस? सांगितलं होतं ना! भरल्या पोटावर अशी डोळे फाडून काय बघतेस!”

“आई, मला तेजूशी बोलायचंय. एकटीशी.”

“काय बोलणार आहेस? तुझं झालं तसं तिचं व्हावं म्हणून...”

“आई!” तेजश्री कळवळून ओरडली. तिच्या गळ्यातली शेवंतीची माळ थरथरली. आत अनुच्या हातातलं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं.

वैजयंता मागे फिरली. चार बायकांसमोर, पाटावर बसलेल्या गर्भारशीला कसं सांगायचं? तिनं दार लावून घेऊन यतीनला फोन केला. तो गाळ्यावरून धावत आला तेव्हा बायका जेवत होत्या. आतल्या खोलीत त्यानं सगळं ऐकलं आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला.

“सातवा? सातव्यात आता काय करता येणार, वैजू? उरलेले दोन महिने तिला सुखानं जाऊ देत. सगळं चांगलंही असेल ना! असू शकतं ना?”

“असू शकतं. आणि नसलं तर? मोठ्या हॉस्पिटलात बाळंतपण झालं तर निदान डॉक्टर तयारीत राहतील. अहो, तुमचं ऐकून मी चार वर्षं गप्प बसले. आता नाही बसणार.”

पाहुण्या गेल्या. तेजश्रीची सासू खाली रिक्षा बघायला गेली तेव्हा तेजश्री आपण होऊन आतल्या खोलीत आली. पोट सावरत अनुजवळ खाली बसली आणि दंडावरचं फुलांचं कडं काढून तिनं अनुच्या मनगटात घातलं.

“वहिनी, रागावू नकोस गं. याच्या आधी दोनदा गेलं माझं. आई म्हणाली, हिला कळलं म्हणूनच गेलं असणार, आता हिला कळूच द्यायचं नाही. मला पटत नव्हतं... पण भीती वाटत होती.”

दोनदा! वैजयंता तिच्याजवळ सरकली. तिचं स्वतःचंही अनुनंतर एक गेलं होतं. रुचिता मॅडमनी सांगितलं होतं ना, अशा घरात कधीकधी गर्भ टिकत नाहीत म्हणून! तिनं तेजश्रीचे दोन्ही हात धरले आणि एका श्वासात, न थांबता, सगळं सांगून टाकलं. यतीन भिंतीकडे तोंड करून उभा होता. दारात मनोरमाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते तिला शेवटी दिसलं.

तेजश्रीनं हात सोडवून घेतले.

“लग्न मोडेल म्हणून सांगितलं नाहीस?”

“हो.”

“मला विचारलंस का? मोडलं असतं तर माझं मोडलं असतं ना, वहिनी! दोनदा मी बाथरूममध्ये एकटी बसून... दोनदा गं! आणि तुला ठाऊक होतं!”

“मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी...”

“तुला त्याग करायचा होता. दादाला भाऊपण निभवायचं होतं. आईला नजरेपासून वाचवायचं होतं. माझा विचार कोणी केला?”

चार वर्षं जी गोष्ट वैजयंतानं पुण्यासारखी जपली होती, ती समोर ठेवल्यावर तिला तिचाच हात काळा दिसला. मनोरमाबाई पुटपुटल्या, “खोटं बोलते ही... माझ्या यतीनमध्ये कसला दोष?” यतीन वळला. “आई, ती खरं बोलतेय. खोटं चार वर्षांपूर्वी बोलली होती. माझ्यासाठी!”

लोकेशला त्याच संध्याकाळी कळलं. तो शांत माणूस होता, पण यतीनला फोनवर म्हणाला, “दादा, तुम्ही डब्यांवरचा डाग बघून माल बाजूला काढता ना? मग आम्हालाच का विकलात?” आणि यतीननं ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

तरी लोकेशच तिला केंद्रात घेऊन गेला. तेजश्रीच्या रक्तात तेच निघालं. पोटातल्या बाळाची तपासणी झाली. दोष त्याच्यातही उतरला होता, हृदयाची घडणही नीट नव्हती. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीवाल्यानं बाळ जरा लहान आहे म्हटलं होतं, तेव्हा मनोरमाबाईंनी डिंकाचे लाडू करून नेले होते.

मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात मुलगा झाला. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जाळ्यात, तो थोडेच दिवस राहिला. तयारी होती म्हणून एवढे तरी मिळाले, असं डॉक्टर म्हणाले. वैजयंता रोज मीरा रोडहून डबा घेऊन जायची आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची. तेजश्री तिच्या हातचं खायची, पण बोलायची नाही. शेवटच्या दिवशी नळ्या काढून मुलाला आईच्या कुशीत दिलं. तेजश्रीनं दारातून बाहेर पाहिलं आणि पहिल्यांदा हाक मारली, “वहिनी, आत ये. तुला बघायचाय ना तो?” वैजयंता आत गेली. त्याची जिवणी अनुसारखी होती. आईच्या कुशीतच, वैजयंताच्या देखत तो गेला...

तेजश्री मीरा रोडला माहेरी आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. छाती दगडासारखी झाली होती, ब्लाऊज ओला होत होता, आणि ती दात आवळून पडली होती. बाळ गेलं तरी दूध कुठे ऐकतंय? मनोरमाबाई उंबऱ्यातच थिजल्या; त्यांना आत पाऊल टाकवेना. वैजयंतानं फ्रीजमधून कोबी काढला, एकेक गार पान सोडवलं, तेजश्रीच्या छातीवर ठेवलं आणि जुन्या मऊ लुगड्याची पट्टी करून वरून बांधली. बांधताना दोघींचे चेहरे जवळ आले.

“मला सांगायला हवं होतंस, वहिनी.”

“हो. सांगायला हवं होतं. मला वाटलं मी मोठी होतेय... मी तुझं नुकसान केलं, तेजू.”

“आणि मी तुला शिव्या पडताना ऐकत राहिले. आईला एकदासुद्धा गप्प बस म्हटलं नाही.” तेजश्रीनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. “फार दुखतंय गं...”

“दुखणारच. रड. मी बांधलंय घट्ट, तू रड.”

त्या दोघी एकमेकींना धरून इतक्या रडल्या की शेजारी अनुनं आपलं झाकण जमिनीवर आपटलं, आणि आवाज ऐकून स्वतःच हसली.

पुढच्या आठवड्यात रुचिता मॅडम पुन्हा आल्या. मनोरमाबाईंचं रक्त आधीच नेलं होतं. यतीन आणि तेजश्री दोघांकडेही ते आईकडूनच आलं होतं. मॅडमनी ते हळू आवाजात सांगितलं. मनोरमाबाई भिंतीकडे बघत बसल्या. मॅडमनी जुनी आकृती उलगडून त्यात नव्या बाळाचा छोटा चौकोन काढला आणि सवयीनं विचारलं, “आजी, तुमची मुलं दोनच ना?”

मनोरमाबाईंची नजर त्या छोट्या चौकोनावर गेली.

“तीन,” मनोरमाबाई म्हणाल्या.

यतीननं चमकून आईकडे पाहिलं.

“पहिला गणेश. तुझ्या आधी, गावाला. चार वर्षांचा झाला तरी बसत नव्हता. तोंडातून लाळ गळायची. मी कामाला गेले की सासूबाई त्याला गोठ्यातल्या पाळण्यात ठेवायच्या, लोकांना दिसू नये म्हणून. एका थंडीत तापानं गेला. सासूबाई म्हणाल्या, मेलेलं मूल मोजायचं नाही, मोजलं की ते परत येतं. मी नाही मोजलं. कोणाला सांगितलं नाही. यांनाही त्याचं नाव घेऊ दिलं नाही...” त्या मॅडमकडे वळल्या. “पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, तेव्हाच सांगितलं असतं तर?”

रुचिता मॅडमनी पेन उचललं. त्यांनी यतीनच्या चौकोनाच्या आधी एक चौकोन काढला आणि तो काळा केला.

मनोरमाबाई उठल्या आणि वैजयंतासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात जोडले जात होते आणि सुटत होते.

“तुझं रक्त, तुझं रक्त म्हणत राहिले गं मी! आणि ते माझं होतं... अनुला बघितलं की मला गण्या दिसायचा. म्हणून तिला बघवत नव्हतं मला. म्हणून तुला आत कोंडत होते. मला माफ करू नकोस, वैजयंता. मी त्या लायकीची नाही!”

वैजयंतानं त्यांचे हात धरून खाली घेतले. इतकी वर्षं ती या क्षणाची स्वप्नं बघत होती. आता तो आला तेव्हा तिला त्यात काही गोड लागेना. समोर एक म्हातारी आई होती, जिच्या मुलाला गोठ्यात ठेवलं होतं.

“आई, माल भरताना कोणी बघितलं होतं का? ना तुम्ही, ना मी. जे हातात नव्हतं त्याचं राहू द्या. बोलणं तेवढं हातात होतं. ते आपण सगळेच चुकलो.”

मनोरमाबाई डोळे पुसत अनुजवळ बसल्या. पेजेची वाटी तशीच होती. त्यांनी चमचा उचलला. घास अनुच्या तोंडात अडकला, तेव्हा त्यांनी तिच्या गळ्यावरून बोट फिरवलं, अगदी बरोबर जागी. ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं होतं, फार पूर्वी, दुसऱ्या कोणीतरी... वैजयंता बघतच राहिली.

आता संध्याकाळी मनोरमाबाई अनुला चाकाच्या खुर्चीत बसवून खाली नेतात. परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली एक बाई होती. तिनं अनुकडे बघून नजर वळवली आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “मौसी, नाती-पोते कितने हैं आपके?”

वैजयंता मागे उभी होती. तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

“दो,” मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांनी अनुच्या केसांवर हात ठेवला. “ये मेरी पोती, अनुष्का. और एक नाती था.”

लिफ्ट खाली येऊन थांबली. अनुच्या हातातलं झाकण खुर्चीच्या दांडीवर वाजलं. मनोरमाबाईंनी खुर्ची पुढे ढकलली, मग मागे वळून म्हणाल्या, “चल गं वैजू, मागे का राहिलीस?”

त्या घरात तिला वैजू म्हणणारा आजवर एकटा यतीनच होता.